‘या बसा’ आणि ‘चांगभलं’: उद्यमनगरातल्या शेडमधली रेझिन भरणी

माझ्या बोलेरोच्या पुढच्या दोन दारांखाली स्टीलच्या पट्ट्या आहेत, त्यांवर ‘या बसा’ असं आरपार कापलंय. वरच्या कॅरिअरला पुढून काळी पाटी आहे, तिच्यावर ‘चांगभलं’. दोन्हीकडं अक्षरांच्या पोकळीत रंगीत रेझिन, म्हणजे ओतल्यावर सुकून कडक होणारं इपॉक्सी, भरलेलं आहे. काम कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या शेडमध्ये करून घेतलं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला आणि मगच लिहायला बसलो. असलं काम हातात पडतं तेव्हा झकासच दिसतं. धातूचं आणि रेझिनचं जमलंय की नाही ते मे महिन्यात पत्रा तापल्यावर कळतं.

मी धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नंबरप्लेटा, सगळं ब्रशनं केलेलं. त्यामुळं माझं लक्ष आधी अक्षराकडं जातं, मग रंगाकडं, चकाकीकडं सगळ्यात शेवटी. हा अभिप्रायही त्याच नजरेनं वाचा.

शेडच्या मालकानं पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. “पेंटरकाका, पट्टी बसणार कुठं?” दाराखाली म्हटल्यावर तो म्हणाला, “मग देवाचं नाव नको, महाराजांचं नको, गावाचंही नको. चढताना पाय पडतो.” दाराखालच्या पट्टीवर ‘जय जोतिबा’ घालून देणारे मी पुष्कळ पाहिलेत, ऑनलाइन तर तयार मिळतात. इथं मात्र काम घेण्याआधी नीट विचार होतो. म्हणून पायाखाली ‘या बसा’ गेलं आणि ‘चांगभलं’ कपाळाच्या जागी, कॅरिअरवर.

आता मुद्द्याचं. देवनागरी अक्षर पत्र्यातनं आरपार कापलं की त्याच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. ‘या बसा’मध्ये असे चार तुकडे निघतात. य च्या पोटातला एक. ब च्या पोटात तिरकी रेघ असते म्हणून तिथं दोन. आणि स मध्ये शिरोरेषा, र, मधली आडवी दांडी आणि उभा दंड यांच्यामध्ये अडकलेला एक. हे तुकडे जागेवर राहावेत म्हणून बहुतेक लेझरवाले मध्ये धातूचे जोड सोडतात, स्प्रेच्या स्टेन्सिलला असतात तसे. इंग्रजी अक्षराला ते एकवेळ चालतं. आपल्या अक्षराची मात्र त्यात वाट लागते. ब ची तिरकी रेघ जोडासाठी तोडली की लांबनं तो व दिसतो आणि पाहुणा ‘या वसा’ वाचतो.

रेझिन भरणीचा खरा फायदा इथं आहे आणि तो मला कुणी विकताना सांगितला नव्हता. पोकळी भरून निघणार असेल तर जोडांची गरजच उरत नाही. पोटातला तुकडा सुटा असला तरी खालच्या पत्र्यावर चिकटवता येतो आणि चारही बाजूंनी रेझिन त्याला धरून ठेवतं. या शेडमध्ये लेझर होत नाही, ते शिरोलीच्या एमआयडीसीतनं करून आणतात. पण कापायची फाइल इथंच तयार होते. तिच्यात प्रत्येक तुकड्याला केसाएवढे दोन जोड ठेवतात. कापलेला २ मिलिमीटरचा पत्रा १ मिलिमीटरच्या दुसऱ्या पत्र्यावर दोन भागांच्या इपॉक्सी चिकटवणीनं दाबून बसवतात. चिकटवण पक्की झाली की ते बारीक जोड छोट्या ग्राइंडरच्या टोकानं उडवतात. तुकडा जिथं असायला हवा तिथंच राहतो, अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. माझ्या दोन्ही पट्ट्यांतला ब मी भिंग लावून बघितला. तिरकी रेघ दोन्हीकडं सारख्या जाडीची आहे.

खाली दुसरा पत्रा नको म्हणणारी गिऱ्हाइकं असतात, त्यानं खर्च वाढतो म्हणून. मागनं खाकी पॅकिंग टेप लावायचा, रेझिन ओतायचं, सुकल्यावर टेप काढायचा, असंही करता येतं. त्या टेपला रेझिन चिकटत नाही, त्यामुळं तो सुटतो छान. पण मग रेझिन फक्त कापाच्या कडेला धरून राहतं आणि दीड-दोन मिलिमीटरची कड म्हणजे पकडायला काहीच नाही. भिंतीवरच्या पाटीला ते पुरेल. दाराखालच्या पट्टीवर टाच आपटते, तिथं दुसरा पत्रा घ्याच.

कडेबद्दल एक गोष्ट लेझर करून घेणाऱ्यांनी कानात ठेवावी. स्टेनलेस नायट्रोजनवर कापलेलं असावं. ऑक्सिजनवर कापलं की कडेला ऑक्साइडचा काळपट थर बसतो, आणि त्याच्यावर रंग असो की रेझिन, चिकटतं ते थराला. धातूला चिकटतच नाही. थर सुटला की सगळं सुटतं. माझ्या पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या स्वच्छ होत्या. तरीही पोऱ्यानं आतनं पॉलिश पेपर फिरवला, खालच्या पत्र्यावर आडव्या-उभ्या चरा ओढल्या आणि ॲसिटोननं पुसून घेतलं. पुसल्यानंतर कुणी बोट लावलं नाही. ब्रशच्या कामातही आमचं हेच असायचं: पत्रा घासायला आणि पुसायला जेवढा वेळ, त्याच्या निम्मा रंगवायला.

स्टेनलेस स्टीलच्या २०२, ३०४, ४३० या जातींवरनं बाजारात फार गोंधळ आहे. पट्टीला चुंबक लावून “चिकटत नाही, म्हणजे ३०४” असं सांगितलं जातं. २०२ ला सुद्धा चुंबक चिकटत नाही. चुंबकानं फार तर ४३० ओळखता येईल, २०२ आणि ३०४ मधला फरक त्यानं कळत नाही. मला इथं ३०४ च्या शीटचं बिल दाखवलं, मी मागायच्या आधी. कोकणात, गोव्यात गाडी फिरवणाऱ्यांनी तर हे विचारलंच पाहिजे. खाऱ्या हवेत २०२ वर तांबूस ठिपके लवकर उठतात आणि ते नेमके कापाच्या कडेला, रेझिनच्या शेजारी उठतात.

आता रंग. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात गेलेल्या माणसाला ‘चांगभलं’ कुठल्या रंगात हवं हे सांगावं लागत नाही. मला गुलालाचा गुलाबी हवा होता. शेडमध्ये चकाकणाऱ्या फ्लुरोसंट गुलाबी पेस्टची बाटली होती आणि ती माझ्या डोळ्यांत भरलीही होती. मालकानं ती बाजूला ठेवली. फ्लुरोसंट रंग उन्हात फार लवकर उडतो हे मलाही माहीत आहे, यात्रेच्या कमानी रंगवून कळलेलं. त्यानं क्विनाक्रिडोन जातीचा मॅजेंटा काढला, गाड्यांच्या रंगात वापरतात तो. उन्हाला टिकणाऱ्या लाल-गुलाबींत त्याचं नाव वरचं आहे. पण तो रंग पारदर्शक. नुसता भरला तर खालचा पत्रा दिसतो, हातात घेतल्यावर माणकासारखा सुंदर, आणि तीस फुटांवरनं काळपट डाग. पाटी ही लांबनं वाचायची वस्तू आहे. म्हणून आधी टायटॅनियम पांढऱ्याचा पातळ थर ओतला, तो बोटाला चिकट लागेल इतपत आवळला की त्यावर गुलाबी. खालचा थर पूर्ण सुकायच्या आत वरचा पडला तर दोन्ही एकजीव होतात. पूर्ण सुकू दिला तर मध्ये घासावं लागतं. हे वेळेचं गणित ज्याला जमतं त्याच्याकडंच दोन रंगांचं काम द्या.

‘या बसा’ला मी गडद निळा घेतला. इपॉक्सी उन्हानं हळूहळू पिवळं पडतं, त्यात कितीही औषध घातलेलं असलं तरी. निळ्याला, काळ्याला, गडद लालला ते झाकता येतं. पांढरा किंवा पारदर्शक घेणाऱ्यांना एक-दोन वर्षांत फरक दिसेल, आणि इथं ते आधी सांगतात.

रंग किती घालायचा यावर मालक फार काटेकोर आहे. वजनाच्या शेकडा चार-पाचच्या वर पेस्ट नाही. जास्त रंग घातला की रेझिन नीट कडक होत नाही, नखानं खूण उठते. रेझिन आणि त्याला कडक करणारा दुसरा भाग, हार्डनर, तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हे पोऱ्याला दर वेळी मोठ्यानं वाचायला लावतो, कारण हार्डनर हलका असतो आणि वजनाचं प्रमाण मापात घेतलं की सगळं बिघडतं. मिसळून झालं की दुसऱ्या कपात ओतून परत ढवळतो, म्हणजे पहिल्या कपाच्या कडेला राहिलेलं कच्चं रेझिन अक्षरात जात नाही. मी तिथं स्टुलावर बसून हे बघत होतो आणि मला मनापासून समाधान वाटत होतं.

पूर्वी पितळी पाट्यांत कोरलेल्या अक्षरांत काळी लाख भरायचे. गरम करून भरायची, थंड झाल्यावर घासून पितळेच्या पातळीला आणायची. ती कामं अजून जुन्या वाड्यांच्या दारांवर दिसतात. पण गाडीचा पत्रा उन्हात जेवढा तापतो तेवढ्यात लाख मऊ पडते. आणि इथंच रेझिनचीही परीक्षा आहे. नुसतं खोलीच्या हवेत सुकवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि काळा पत्रा मेच्या दुपारी त्याच्याही वर जातो. उपाय असा की एक दिवस हवेत राहू द्यायचं आणि मग भट्टीत ६०-७० अंशांवर काही तास भाजायचं. त्यानं मऊ पडण्याचा अंश वर सरकतो. शेडमध्ये यासाठी पत्र्याची छोटी कपाटवजा भट्टी आहे, तापमान दाखवणारा काटा लावलेली. जिथं काम देणार तिथं एवढं एक जरूर विचारा: भरल्यानंतर भाजता का? “गरज नाही, चोवीस तासांत दगड होतं” असं उत्तर आलं तर पट्टी परत घेऊन या.

पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवायचा भुकटीचा रंग, मात्र भरणीच्या आधीच. त्याची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, भरलेलं रेझिन तिथं करपून जाईल. माझी कॅरिअरची पाटी ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची, आधी काळी पावडर कोट केलेली. तिच्यावर रेझिन घासून सपाट करता येत नाही, पावडर निघेल. म्हणून चारही कडांना टेप लावून, सिरिंजनं थेंब थेंब भरून, पातळी केसभर खाली ठेवली. स्टीलच्या पट्ट्यांवर उलट केलं: थोडं वर येईल असं भरलं, पूर्ण कडक झाल्यावर २२०, ४००, ८०० असे पेपर फिरवून पत्र्याशी एकसपाट केलं आणि शेवटी स्कॉचब्राइटनं सगळीकडं एकाच दिशेनं रेघा ओढल्या. बोट फिरवलं तर निळं कुठं सुरू होतं ते कळत नाही. वर क्लिअर कोट लावायचा का विचारलं, मी नको म्हटलं. पायाखालच्या वस्तूला चकाकी देऊ नये, पहिल्याच आठवड्यात ओरखडे पडतात आणि मग क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो. मॅट राहू दिलं, आणि आजही त्या पट्ट्या बघायला बऱ्या वाटतात.

तक्रार आहे ती ‘चांगभलं’बद्दल. थंडी पडल्यावर एका सकाळी बघितलं तर शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना, गुलाबी आणि काळ्याच्या मध्ये, केसासारखी फट. दुपारी परत बघितलं तर फट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आहे.

कारण समजून घेतलं तर शेडच्या कामात हलगर्जी नव्हती, अक्षराच्या रचनेचा प्रश्न होता. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, चार-पाच इंचांचं. आपल्याकडं शिरोरेषा अख्खा शब्द एका ओळीत बांधते. माझ्या पहिल्या पाटीवर ती, भ वरही न तोडता, साडेचारशे मिलिमीटरची सलग नाली होती. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ५०-५५ अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात साडेचारशे मिलिमीटर ॲल्युमिनियम साधारण अर्धा मिलिमीटर लांबतं-आखडतं. तेवढीच लांब इपॉक्सीची पट्टी मोकळी असेल तर दीड मिलिमीटरच्या आसपास. खालच्या पत्र्याला चिकटलेली असल्यानं ती पूर्ण सरकत नाही, पण ओढ सगळी टोकांवर येते. स्टील तर ॲल्युमिनियमपेक्षाही कमी पसरतं, म्हणजे तिथं फरक आणखी मोठा. दाराखालच्या पट्ट्या वाचल्या त्या अक्षरं लहान आणि ‘या’ व ‘बसा’ सुटे शब्द असल्यामुळं.

मी पाटी घेऊन गेलो. मालकानं वाद घातला नाही. आधी फटीत पातळ रेझिन ओढून देतो म्हणाला, मी म्हटलं, पुढच्या थंडीत पुन्हा उघडेल. मग मी तिथंच त्याच्या वहीच्या मागच्या पानावर अक्षरं काढून दाखवली: चां, ग, भ, लं, प्रत्येकाची आपापली शिरोरेषा, मध्ये तीन मिलिमीटरचं धातूचं अंतर. ट्रकच्या फळीवर आम्ही पूर्वीपासून असं तोडून लिहितो, डोळा आपोआप जोडून घेतो. अनुस्वाराच्या टिंबाला तर काही करावंच लागत नाही, गोल भोक ही भरणीची सगळ्यात सोपी आणि टिकाऊ जागा. नव्यानं कापायचा लेझरचा खर्च आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला, भरणी त्यानं फुकट केली. दुसऱ्या पाटीला अजून कुठं फट नाही. तेव्हापासून लांब शब्द असला की शेडमध्ये शिरोरेषा तोडूनच फाइल करतात, असं पोऱ्यानं सांगितलं. मला त्याचा आनंद झाला.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. काम सांगितलेल्या दिवशी मिळालं नाही. पावसाळी हवेत हार्डनरमुळं रेझिनवर तेलकट साय येते, ती कोमट पाण्यानं धुवून मग पुढचा थर द्यावा लागतो, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये उशीर धरूनच चाला. ‘भ’च्या गाठीत टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे राहिलेत, अरुंद वळणात हवा अडकते. हॉट एअर गननं वरचे फुटतात, तळाचे राहतात. आणि एक गोष्ट मी तोंडावर बोललो, इथंही लिहितो: पोरगा मास्क न लावता रेझिन घासत होता. ती धूळ छातीत जाऊ नये. हार्डनर कातडीला लागून लागून खाजेची ॲलर्जी जडते ती पुढं आयुष्यभर जात नाही. हातमोजे होते, मास्क नव्हता. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मास्क खिळ्याला टांगलेले दिसले. वापरतोस का विचारलं तर हो म्हणाला.

दोन पट्ट्या आणि पाटी, धातू, लेझर, पावडर कोटिंग, भरणी धरून साडेचार हजारांच्या आत बसलं. बिल एकरकमी आलं, मला ते बाबवार हवं होतं. तयार चिकटवायच्या पट्ट्या याच्या पाव किमतीत मिळतात. त्यांच्यावरची अक्षरं छापलेली असतात आणि घासून जातात. इथलं अक्षर पूर्ण जाडीत रंगीत आहे, वरनं झिजलं तरी खाली तेच आहे.

घरी करणाऱ्यांसाठी थोडकं. माझ्या पुतण्यानं किल्लीच्या पितळी बिल्ल्यात यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशानं कडक होणारं, भरलं, नेलपॉलिश सुकवायच्या दिव्याखाली धरून. वरनं कडक, आतनं मधासारखं ओलं राहिलं. गडद रंग प्रकाश अडवतो, तो तळापर्यंत पोचतच नाही. यूव्ही वापरायचं तर अर्ध्या मिलिमीटरचे थर एकेक करून, नाहीतर सरळ दोन भागांचं इपॉक्सी. फायबरच्या कामातलं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून घेऊ नका, ते सुकताना इतकं आखडतं की पहिल्याच दिवशी कडा सोडतं. आणि पोस्टर कलर, पाण्यातले रंग मुळीच घालू नका.

नंबरप्लेटवर असलं काही करून मागाल तर इथं नाही म्हणतील. हाय सिक्युरिटी प्लेटला हात लावायचा नसतो, आणि शेडमध्ये तशी पाटीच लावलेली आहे.

गाडी धुणाऱ्याला फक्त एक सांगून ठेवा. डांबराचे ठिपके काढायला तो थिनरचा बोळा फिरवतो, तो या अक्षरांवर नको. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. डांबर उडालंच असेल तर थोडं रॉकेल किंवा खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि पुसायचं. मी पुढचं काम दिलंय ते भावाच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीसाठी, ‘सावकाश’, फूटभर उंच अक्षरं, पिवळ्यात. शिरोरेषा तीन ठिकाणी तोडून कागद दिलाय.